पखवाजाची कणीक

दोरीवरच्या पांढऱ्या चादरीवर काळे ठिपके दिसले, की समजायचं गळीत हंगाम सुरू झाला. कुठंतरी ऊस तुटून गेलेल्या रानात कुणीतरी पाचट पेटवलेलं असतं आणि त्याची लांबट, हलकी राख वाऱ्याबरोबर गावभर हिंडत असते. ती झटकायची नसते. झटकली की चुरा होऊन कपड्यात मुरते. तोंड जवळ नेऊन हलकी फुंकर मारायची, मग ती आपणहून निघून जाते. मी मेढ्याची. आमच्या जावळीच्या डोंगरात भात, नाचणी आणि धुकं. लग्न होऊन वाळव्याच्या या काळ्या रानात आले, तेव्हा पहिल्याच हंगामात माहेरची नवी चादर झटकून काळी करून ठेवली होती. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, ती काही न बोलता पुन्हा धुतली. न बोलता करणं हा त्यांचा स्वभावच.

परवा पुन्हा ठिपके दिसले. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला, मळीचा आंबूसगोड वास आला आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर ढणाढणा गाणी लावून इस्लामपूरच्या रस्त्याला लागले. आता महिनोन्‌महिने माझ्या वर्गातल्या पोरांचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर राहणार, कारण चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढून काढण्यापुढे व्याकरणाचं काय चालतं?

या हंगामाचं आणि माझं जरा विचित्र आहे. याच दिवसांत माझा नवरा गेला. आणि याच दिवसांत मला जे मिळालं, त्याच्यामुळे मी आज सरळ उभी आहे. त्यामुळे भोंगा झाला की आधी छातीत कळ येते आणि तिच्या मागोमाग, कुणाचे तरी आभार मानावेत असं वाटतं. कुणाचे, ते सांगावं म्हणून लिहायला बसले.

माझ्या नवऱ्याचं नाव हणमंतराव. गाव त्यांना मेजर म्हणायचं. फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो; त्याहून खालची पदं गावाला मान्य नाहीत. मेजर शेती करायचे आणि दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पखवाज त्यांचा स्वतःचा. शाळकरी वयापासून घराच्या पुढच्या सोप्यात बसून त्यांनी त्यावर हात बसवलेला. फौजेतून रजेवर आले की खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधी खुंटीवरच्या पखवाजाकडे बघायचे. फोनवरही आधी गाईची चौकशी, मग पखवाजाची, मग माझी. मी एकदा तक्रार केली, तर म्हणाले, तुला स्वतःचं तोंड आहे, त्या दोघांचं कोण सांगणार?

आता कणकेचं सांगते. पखवाजाच्या उजव्या तोंडावर शाई असते, ती कायमची. डाव्या तोंडाला धुमा म्हणतात. त्याच्या मधोमध दरवेळी वाजवण्याआधी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. कणकेशिवाय धुमा नुसता पत्र्यासारखा वाजतो. कणीक बसली की आवाज पोटातून येतो. ही कणीक चपातीच्या कणकेपेक्षा सैल लागते. फार सैल झाली तर हाताला चिकटते, घट्ट झाली तर ऐन भजनात सुटून मांडीवर पडते. लग्नानंतर या घरात मला सगळ्यात आधी जे शिकवलं गेलं, ते पुरण नव्हे, ही कणीक. दर गुरुवारी संध्याकाळी चपात्यांचं पीठ मळताना एक गोळा वेगळा काढायचा, वाटीत ठेवायचा, ओलं फडकं टाकायचं आणि वाटी पखवाजाखालच्या कोनाड्यात ठेवायची. भजन आटोपलं की तीच कणीक खरवडून गाईच्या तोंडात. आणि एक नियम आत्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवला होता. पखवाजासाठी काढलेली कणीक परत परातीत घालायची नाही. ती देवाच्या वाट्याची. तिची चपाती होत नाही, आणि ती टाकूनही चालत नाही.

ते गेले ती सकाळ अशीच, हंगामाच्या सुरुवातीची. आमच्या उसाला तोडीची पाळी कधी मिळणार ते कारखान्यात विचारून आले, चहा प्याले, रानात गेले आणि बांधावर बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. यापेक्षा जास्त मला आजही लिहिता येत नाही.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग सगळे आपापल्या वाटेने गेले. आमची लेक खंडाळ्याजवळ एका कंपनीत नोकरीला. तिला तरी किती दिवस थांबवणार? घरात आत्या आणि मी उरलो. आमच्यात भांडण कधीच नव्हतं, पण बोलणं जे काही व्हायचं ते मेजरांमार्फत. आईला विचार, तिला सांग, असं. मधला माणूस गेला आणि एकमेकींशी बोलायचं कसं तेच आम्हाला कळेना. आत्या जेवायला बसायच्या, भाकरीचा तुकडा मोडायच्या आणि ताट सारायच्या. बाकी दिवसभर सोप्यातल्या खांबाला टेकून. मी माझ्या खोलीत रडायचे, त्या त्यांच्या खोलीत. भिंतीपलीकडून दोघींनाही एकमेकींचं ऐकू येत असणार, पण दार कुणी उघडलं नाही.

अशात माझा धाकटा भाऊ वसंता मेढ्याहून आला. ताई, बदली करून घे, जावळीत काय शाळा नाहीत का, आपलं घर आहे, इथे एकटी काय करणार, असं त्याचं म्हणणं. माणूस चांगला, कळवळ्याने बोलत होता. मी उत्तर द्यायच्या आत आत्याच म्हणाल्या,

"न्या तिला, वसंतराव. हितं काय हाय आता तिचं."

ते वाक्य मला फार लागलं. जिथे आयुष्याची इतकी वर्षं गेली, तिथे आपलं काही नाही, हे त्या घराच्या मालकिणीनेच सांगून टाकलं. तुमचं कसं होणार असं वसंताने विचारलं, तर मी बघीन माझं, एवढंच बोलल्या. मग ठरलं ते असं. रानात ऊस उभा होता, तो कारखान्याला जायचा होता. शाळेचं वर्षही संपत यायला हवं होतं. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपून हंगाम बंद झाला, की वसंता मला न्यायला येणार. मला जायचं नव्हतं. पण राहा असं ज्यांनी म्हणायचं, त्यांनीच जा म्हटलं होतं.

आणि मग तो गुरुवार आला. मला वार आठवत नव्हता, हाताला आठवत होता. दोघींपुरतं पीठ मळलं, एक गोळा वेगळा काढला, पाण्याचा हात लावून सैल केला, वाटीत ठेवला, वर ओलं फडकं टाकलं आणि वाटी घेऊन सोप्यात आले. कोनाड्यापाशी पोचल्यावर वर नजर गेली. खोळीतला पखवाज खुंटीला होता आणि वाजवणारा नव्हता. मागे वळले, तर खांबाला टेकलेल्या आत्या माझ्याकडेच बघत होत्या. मी वाटी पदराखाली घेतली आणि स्वयंपाकघराकडे निघाले.

"परातीत घालू नगंस," आत्या म्हणाल्या. "काढलीया न्हवं? मग लाव की."

मी पखवाज उतरवला, खोळ काढली, चटईवर आडवा ठेवला. धुम्यावर गोळा ठेवून अंगठ्याने कडा दाबल्या, ओल्या हाताने गुळगुळीत केल्या. कणीक नुसती लावून बसत नाही, तिच्यावर थाप मारावी लागते. मारली. तो आवाज साऱ्या घरात घुमला आणि गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. बिचारीला वाटलं, भजन झालं, आता कणीक मिळणार. ते गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले आणि हसतानाच रडायला लागले. आत्या हसल्या नाहीत की रडल्या नाहीत. आजून एकदा मार, म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी मी गोळा चुकून काढला नाही, ठरवून काढला. त्यानंतर मला नुसत्या थापा मारवेनात. काहीतरी वाजवावंसं वाटायला लागलं. पण येत काय होतं? शाळेत बाक बडवणारी पोरं माझ्यापेक्षा बरी वाजवतात. मी चाचपडत होते आणि आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मध्येच त्या तोंडाने म्हणायला लागल्या. धिनता धिनता धाऽ. पुस्तकातले बोल नव्हेत ते. लेक याच सोप्यात बसून हात बसवत होता, तेव्हा चुलीपुढे त्यांच्या कानावर जसे पडले, तसे. मी हात थांबवून बघत राहिले. त्यांनी शेंगांवरची नजर न काढता पुन्हा म्हटलं. मी वाजवलं. न्हाई, आसं न्हाई, म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं.

असा आमचा वर्ग सुरू झाला. जन्मभर शिकवणाऱ्या बाईला शिकताना किती अवघड जातं ते मला तेव्हा कळलं. पखवाज मांडीवर घेतला की दोन्ही हात पसरून बसावं लागतं, खांदे भरून येतात. बोटं सुजायची. रोज सकाळी वर्गात खडू धरताना कळ यायची. मराठीची शिक्षिका असल्यामुळे, ओझं थापल्याशिवाय धुमा बोलत नाही, यावर मुलांकडून निबंध लिहून घ्यावा असं मला पहिल्याच आठवड्यात सुचलं होतं. पण खरं सांगायचं, तर बोटं इतकी ठणकत होती की कसलीच उपमा नकोशी वाटत होती. ते ठणकणं मात्र मला आवडायचं. ते दुखणं दाखवता येत होतं, त्याला तेल लावता येत होतं. दुसऱ्या दुखण्याला कुठं हात लावायचा तेच सापडत नव्हतं.

दुःखाला वेळकाळ नसतो. भाजी चिरताना येतं, फळ्यापाशी उभं असताना येतं, बँकेच्या रांगेत येतं. संध्याकाळी पखवाज घेतला की त्याला बसायला एक जागा मिळायची. तेवढा वेळ ते माझ्या अंगावर नसायचं, समोर असायचं. नाहीसं काही होत नव्हतं, पण त्याच्याशी मला काहीतरी करता येत होतं. आणि मी एकटी नव्हते. माझ्या हातातून निघणारा प्रत्येक बोल आधी आत्यांच्या तोंडून आलेला असायचा. बोलांवरून हळूहळू बोलणं निघायला लागलं. तो ल्हान असताना चुलीपुढच्या पाटावर कसा बडवायचा, रेड्याच्या पाठीवर बसून कशी थाप मारायचा, असलं काहीबाही. मी त्यांना फौजेतले किस्से सांगायचे, पलटणीच्या देवळातल्या पखवाजासाठी लंगरचा कुक, म्हणजे तिथला आचारी, कणीक देताना कसा कुरकुरायचा ते. एके दिवशी लक्षात आलं की आत्यांनी बोलता बोलता अख्खी भाकरी संपवली आहे.

दरम्यान आमच्या उसाला तोड आली. कोयते चालताना मी दिवसभर रानात होते. संध्याकाळी रान मोकळं झालं आणि ते जिथे बसले होते तो बांध लांबून, उघडा, दिसायला लागला. तोवर उसाने तो झाकलेला होता. मी घरी आले ती कुणाशी बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. हातपाय धुऊन सोप्यात आले, तर चटई अंथरलेली, पखवाज उतरवलेला आणि शेजारी ओल्या फडक्याखाली वाटी. त्या दिवशी गुरुवार नव्हता. कणीक आत्यांनी मळली होती.

मंडळाचं गाणं म्हणणारे तात्या आमच्या आळीतले. पेटीही तेच वाजवतात. पखवाजाला माणूस नाही म्हणून त्यांच्या नातवाने त्यांना मोबाइलवर ठेका लावून दिला होता आणि एक छोटा स्पीकर. काही गुरुवार त्यांनी तसे काढले. मग एका संध्याकाळी दारात आले, खाली बसले आणि म्हणाले, "त्या मोबाइलला दम लागत न्हाई गं, मला लागतुया. मी आडलो तरी त्यो म्होरं." शेजारच्या गावातून कुणी वाजवणारा मिळतोय का ते बघत होते आणि त्याच्यासाठी मेजरचा पखवाज न्यायला आले होते. आत्या म्हणाल्या, पखवाज यील, पन त्याच्यासंगं ही सुनंदा यील. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आत्यांकडे. मला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी देवळात पखवाजाशी बाई बसलेली बघून कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत असं नाही. पण तात्यांनी पेटीचा भाता ओढला आणि मला मान तुकवून खूण केली, तिथे विषय संपला. आत्या बायकांच्या बाजूला, खांबाशी. सुरुवात बरी झाली. टाळ मिळाले. आणि कडवं संपवून ध्रुवपदावर परत येताना लय एकदम पुढे गेली. मीच नेली, आत्यांनी शिकवलं होतं तशीच. याच ठिकाणी मी घरी नेहमी मागे राहायचे आणि त्या मान हलवून पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायच्या. टाळकरी अडखळतील असं मला वाटलं. कुणी अडखळलं नाही. सगळेच्या सगळे माझ्याबरोबर सहज पुढे आले, दम लागणारे तात्यासुद्धा.

भजन संपल्यावर तात्यांनी पेटीचा भाता मिटला. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मेजर बी हितंच पळायचा," ते म्हणाले. "लय सांगितलं त्याला, हितं पळू नगं म्हून. कवा ऐकला न्हाई. शेवटी आमीच पळाया शिकलो."

म्हणजे ती चूक होती. त्यांची चूक. आत्यांना ती चूक आहे हे ठाऊकच नव्हतं. लेकाचा हात जिथे पळायचा, तिथे त्यांची जीभ पळत होती, आणि तीच घाई त्यांनी मला नियम म्हणून शिकवली होती. फोटो राहिले होते, गणवेश राहिला होता, पण मेजरांच्या हाताची घाई राहिली असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी पखवाज मांडीवर घेऊन सगळ्यांसमोर रडले. आत्या बायकांतून उठून आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तिथेच बसल्या. तात्यांनी शहाणपणाने लगेच पुढचं भजन उचललं आणि मी रडत रडत ते वाजवलं. आजही आम्ही तिथे पळतो.

आता आत्यांना ऐकू फार कमी येतं. मी घरी वाजवायला बसले की त्या चटईवर जवळ सरकतात आणि पखवाजाच्या खोडावर तळवा ठेवतात. तेवढ्यावर त्यांना कळतं. चुकलं तर अजूनही मान हलवतात. गावात कुणाच्या घरी दुःख झालं की आमचं मंडळ तिथे भजनाला जातं. मी घरून कणीक नेत नाही. ज्या घरी जाते, त्याच घरातल्या बाईला म्हणते, बाई, मला जरा कणीक मळून दे, सैल मळ. ती आधी नुसती बघत राहते. मग उठते, पिठाचा डबा काढते. परातीत हात घातला की बहुतेक बायका रडतात, आणि ते मळणं मात्र थांबवत नाहीत. मी घाई करत नाही. मंडळही थांबतं. हे मला कुणी शिकवलं हे मला ठाऊक आहे, आणि ज्यांनी शिकवलं त्यांना ते सांगायला गेलं तर ऐकू येत नाही. म्हणून निदान लिहून ठेवते आहे.

पण ज्यासाठी मी खरी ऋणी आहे, ते घडलं मेजर गेले त्याच हंगामाच्या अखेरीला. कारखान्याचा पट्टा पडला. भोंगा बंद झाला, रस्ते मोकळे झाले आणि ठरल्याप्रमाणे वसंता जीप घेऊन आला. मी बॅग भरून ठेवली होती. भरताना सारखं वाटत होतं, आता आत्या काहीतरी म्हणतील. त्या चहा करत होत्या. मी आपणहून राहते म्हणू शकले असते. पण कीव म्हणून राहिलेली सून त्यांना चालली नसती, आणि कीव म्हणून ठेवलेली सून मला व्हायचं नव्हतं. देवळात पाठीवर ठेवलेला हात खरा होता, पण जा म्हटलेलंही खरं होतं, आणि ते त्यांनी मागे घेतलं नव्हतं.

वसंताने चहा संपवला, बॅग उचलली आणि तो आत्यांच्या पाया पडायला वाकला. आत्यांनी त्याला वर उठवला आणि त्याच्या मनगटावरचा हात तसाच ठेवला.

"वसंतराव, तवा न्या म्हनले मी. म्हनलं, माज्यापायी हिनं का म्हून हितं कुढत बसावं. तिचं मन तिला ठावं, ती जाती म्हनली तर मी आडवी येनार न्हाई." मनगटावरची पकड घट्ट झाली. "पन माजं इचाराल, तर मला ती पायजे."

सख्ख्या लेकाकडे कधी लुगडं मागितलं नाही त्या बाईने. वसंता माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्या हातातून बॅग घेतली, आत नेली, पलंगावर उघडली आणि साड्या परत कपाटात लावायला लागले. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. आत्या मागोमाग आल्या. घड्या मोडू नयेत म्हणून एकेक साडी दोन्ही हातांवर घेऊन मला देत राहिल्या.